गोड्या पाण्यात बुडालेली लाकडी जहाजं शेकडो वर्षं टिकतात कशी, आणि बाहेर काढली की मोडतात का

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मिनॉमिनी गावात १९९४ साली एक लाकडी जहाज बुलडोझर लावून मोडून टाकावं लागलं. 'ॲल्विन क्लार्क' हे त्याचं नाव. शिडांवर चालणारं, माल वाहणारं हे जहाज १८६४ साली मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे भागात वादळी वाऱ्यात उलटलं आणि तळाला गेलं. पुढे १९६७ साली एका मच्छीमाराचं जाळं खोल पाण्यात कशात तरी अडकलं. ते सोडवायला पाणबुड्या उतरला, तर जाळं एका आख्ख्या जहाजाला अडकलेलं. दोन वर्षं खपून लोकांनी ते वर काढलं. पोटातलं पाणी पंपानं उपसलं आणि जहाज स्वतःच्या बळावर तरंगायला लागलं. १०५ वर्षं तळाशी पडून राहिलेलं लाकूड इतकं धड होतं.

मग ते किनाऱ्यावर ठेवलं आणि लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. पण लाकूड जसजसं सुकत गेलं तसतसे तडे पडत गेले. फळ्या वाकल्या, जोड सुटले, बुरशी धरली. जतनाला लागणारा पैसा ज्यांनी ते काढलं त्यांच्याकडे नव्हता आणि दुसरं कुणी द्यायला तयार झालं नाही. पाण्याखाली शंभर वर्षांत जे झालं नाही ते हवेत पंचवीस वर्षांत झालं.

हा हिशेब पहिल्यांदा ऐकला की उलटा वाटतो. लाकूड पाण्यात कुजतं हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पावसाळ्यात चौकट फुगते, मोरीजवळचा लाकडी पाट काळा पडतो, खांब जमिनीलगत सडतो. मग बुडालेलं जहाज का सडत नाही? सोलापूरसारख्या कोरड्या मुलखातल्या माणसानं हे समजून घेण्याला एक खास कारण आहे. आपल्याकडे समुद्र नाही, पण उजनीचा एवढा मोठा जलाशय आहे, हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, आणि भीमेच्या काठी शेकडो वर्षं होड्या चालत आल्या आहेत. गोड्या पाण्याच्या तळाशी काय टिकतं आणि काय नाही, हा आपल्याही दारातला प्रश्न आहे.

आधी समुद्राचं बघू. खाऱ्या पाण्यात लाकडाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे टेरेडो नावाचा जीव. त्याला जहाजकिडा म्हणतात, दिसायलाही तो लांबलचक पांढऱ्या अळीसारखा असतो, पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या कुळातला आहे. शिंपला त्याच्या तोंडाशी दोन चिमुकल्या तुकड्यांपुरता उरलेला असतो आणि त्या तुकड्यांनी तो कानशीसारखं लाकूड घासत आत शिरतो. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू लाकूड पचवणारा रस तयार करतात. फळीवर बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात, आणि ती फळी कापली तर आत बोटभर जाडीची भुयारं निघतात. कोलंबसच्या चौथ्या सफरीतली जहाजं या किड्यानं इतकी पोखरली होती की १५०३ साली त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून सोडून द्यावी लागली. उबदार समुद्रात उघडं पडलेलं लाकडी जहाज काही वर्षांतच भुगा होतं. उरतात त्या तोफा, नांगर, मडकी, आणि वाळूखाली गाडलेला तळाचा भाग.

या जीवाला मीठ लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण आठ-दहा ग्रॅमच्या खाली गेलं की टेरेडोची पिल्लं धरत नाहीत. गोड्या पाण्याच्या तलावात तर त्याला थाराच नाही. म्हणून तलावात बुडालेल्या जहाजाला पहिलं अभय इथेच मिळतं.

स्वीडनचं 'वासा' हे प्रसिद्ध जहाज याच कारणानं वाचलं, आणि गंमत म्हणजे ते तलावातलं नाही, समुद्रातलं आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच फेरीला ते स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. तिथल्या बाल्टिक समुद्राला इतक्या नद्या येऊन मिळतात की त्याचं पाणी मचूळ आहे, टेरेडोला न मानवणारं. १९६१ साली, म्हणजे ३३३ वर्षांनी, जहाज वर आलं ते जवळजवळ सगळंच्या सगळं, कोरीव मूर्तींसकट.

किडा नाही म्हणजे सगळं निभावलं असं नाही. लाकूड कुजवणारी बुरशी आणि जिवाणू गोड्या पाण्यातही असतात. पण बुरशीला प्राणवायू हवा असतो. घरातलं लाकूड सडतं ते पाणी आणि हवा दोन्ही एकत्र मिळाल्यामुळे. जमिनीलगतचा खांब नेमका तिथेच सडतो, कारण तिथे ओलही असते आणि वाराही लागतो, वर वाळवीचा ताप वेगळा. खोल पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा फार थोडी मिळते. गाळात गाडलेल्या लाकडाला तर जवळपास मिळतच नाही. तिथे काही मोजके जिवाणू काम करत राहतात, पण त्यांचा वेग इतका कमी असतो की शतकं लोटली तरी फळीचा गाभा शाबूत राहू शकतो.

तिसरी गोष्ट थंडीची. पाणी ४ अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं. त्यामुळे थंड प्रदेशातल्या खोल तलावांत तळाचं पाणी बारा महिने त्याच्या आसपास राहतं, वर ऊन असो की बर्फ. अंधार, स्थिर पाणी आणि अशी थंडी मिळाली की जिवाणूही मंदावतात. उत्तर अमेरिकेतली ग्रेट लेक्स, म्हणजे एकमेकांना जोडलेली पाच महासरोवरं, म्हणूनच बुडालेल्या जहाजांचं मोठं कोठार ठरली आहेत. त्यातलं सुपीरियर सरोवर ४०६ मीटर खोल आहे आणि आकारानं जवळजवळ ८२,००० चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्हा त्यात पाच वेळा मावेल. एकोणिसाव्या शतकात तिकडे धड रस्ते फारसे नव्हते. धान्य, लाकूड, लोखंडाची माती, कोळसा सगळं पाण्यानं जायचं. दाटीवाटीनं चालणारी जहाजं धुक्यात एकमेकांवर आदळायची, आणि नोव्हेंबरातली वादळं तर दरवर्षी बळी घ्यायची. १९१३ सालच्या नोव्हेंबरातल्या एका वादळानं अडीचशेहून जास्त माणसं नेली. आजवर या पाच सरोवरांत मिळून सहा हजारांच्या आसपास जहाजं बुडाली असावीत असा अंदाज धरला जातो.

त्यातली काही आज ज्या अवस्थेत सापडतात ते वाचून थक्क व्हायला होतं. 'एचएमएस ओंटारिओ' हे ब्रिटिश लढाऊ जहाज १७८० साली शंभराहून जास्त माणसांसह ओंटारिओ सरोवरात गडप झालं. म्हणजे आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं तो काळ. २००८ साली ते सापडलं तेव्हा दोन्ही डोलकाठ्या उभ्या होत्या आणि मागच्या खिडक्यांच्या काचाही जागेवर होत्या. याच सरोवरात १८१३ साली ८ ऑगस्टच्या रात्री 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' ही दोन जहाजं एका झंझावातात बुडाली. मुळात ती व्यापारी गलबतं. युद्धासाठी त्यांच्यावर तोफा चढवल्या आणि ती वरून जड झाली. जोराचा वारा आला तेव्हा सावरू शकली नाहीत. १९७३ साली ती सुमारे ९० मीटर खोलीवर सापडली. कॅमेरा खाली सोडला तेव्हा एकाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डायना देवीची कोरलेली मूर्ती दिसली, आणि दुसऱ्यावर तोफांच्या शेजारी अडकवून ठेवलेल्या तलवारी आणि कुऱ्हाडी तशाच. मृतांचे अवशेषही तिथेच आहेत. कॅनडानं ही जागा कबरस्तानाच्या मानानं जपली आहे, आणि तेच योग्य आहे.

मला सगळ्यात जास्त भिडते ती 'आयर्नटन'ची गोष्ट. १८९४ सालच्या सप्टेंबरात ह्युरॉन सरोवरात हे जहाज दुसऱ्या एका मालवाहू जहाजावर आदळलं. कप्तान आणि सहा खलाशी जीव वाचवायला छोट्या होडीत उतरले. पण गडबडीत होडीचा दोर जहाजापासून सोडायचा राहून गेला. जहाज बुडालं तसं होडीलाही ओढून घेऊन गेलं. सातांपैकी दोघे वाचले आणि त्यांनी ही हकीकत सांगितली. शोधकांना २०१९ साली जहाज सापडलं. ते तळाशी सरळ उभं होतं, डोलकाठ्या वर, आणि मागच्या बाजूला दोरानं बांधलेली ती छोटी होडी अजून तिथेच. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन माणसांनी सांगितलेला शब्द न् शब्द तळानं जसाच्या तसा राखून ठेवला होता.

अशी जहाजं शोधतात ती आवाजानं. बोटीच्या मागे दोरानं एक लांबट यंत्र ओढत नेतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणारा आवाज टिपतं. मऊ चिखलावरून आवाज क्षीण परततो, लाकूड-लोखंडावरून ठळक. वस्तू तळापासून जेवढी उंच तेवढी तिच्या मागे 'सावली' पडते. त्या सावलीच्या लांबीवरून डोलकाठी उभी आहे की पडली हेसुद्धा कळतं. मग कॅमेरा लावलेलं यंत्र खाली जातं, हजारो फोटो काढतं, आणि ते फोटो संगणकावर जुळवून जहाजाची सर्व बाजूंनी फिरवता येणारी प्रतिकृती तयार होते. खिळासुद्धा न हलवता मोजमाप हातात येतं.

पण हे सगळं थंड मुलखातलं झालं. आपल्याकडे पाणी गरम. मग इथे काही टिकेल का? याचं उत्तर इस्राएलमधल्या गालील सरोवरात मिळतं आणि ते सोलापूरकरांनी नीट वाचावं असं आहे.

गालीलचं पाणी गोडं, हवा उष्ण. १९८६ साली मोठा दुष्काळ पडला आणि सरोवर खूप मागे हटलं. उघड्या पडलेल्या चिखलात दोघा मच्छीमार भावांना एका होडीची कड दिसली. तज्ज्ञ आले, तेव्हा होडी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली. लांबी ८ मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तिला थंडीनं वाचवलं नव्हतं, बारीक गाळानं वाचवलं होतं. गाळ इतका घट्ट बसला होता की हवा आत जायला फटच नव्हती. गाळाच्या वर असलेला होडीचा भाग कधीच नाहीसा झाला होता, खालचा राहिला.

लाकूड पाण्यानं इतकं भिजलेलं आणि मऊ होतं की बोटाचा ठसा उमटावा. आणि पाऊस पडून सरोवर पुन्हा वर चढायला लागलं होतं. लोकांनी बारा दिवस आणि रात्री राबून ती उकरली, सतत पाणी शिंपडत. मग आतून-बाहेरून फेस फवारला. गादीत भरतात तसला हा फेस घट्ट होऊन होडीभोवती कवच झाला. त्या कवचासकट होडी पाण्यात सोडली आणि दोन हजार वर्षांनी ती सरोवरावरून तरंगत किनाऱ्याला आली.

या होडीकडे जवळून बघितलं की एक संसार दिसतो. मुख्य फळ्या देवदाराच्या कुळातल्या, आतल्या फासळ्या ओकच्या. पण मध्ये मध्ये बोर, विलो, पाइन अशी दहा-बारा जातींची लाकडं ठिगळासारखी बसवलेली. काही तुकडे तर दुसऱ्या जुन्या होडीतून काढून इथे लावलेले. म्हणजे मालकाच्या हाती चांगलं लाकूड घ्यायला पैसा नव्हता. जे मिळेल त्यानं तो होडी चालवत राहिला. आणि जेव्हा ती दुरुस्तीच्या पलीकडे गेली तेव्हा कामाचे भाग काढून घेऊन त्यानं सांगाडा पाण्यात लोटून दिला. कुठल्याही ग्रंथात या माणसाची नोंद नाही, त्याची सगळी कहाणी फक्त या लाकडात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. एवढं टिकलेलं लाकूड बाहेर आलं की मोडतं का?

लाकडाच्या पेशींच्या भिंती मुख्यतः दोन द्रव्यांच्या असतात, सेल्युलोज आणि लिग्निन. पाण्याखालचे जिवाणू सेल्युलोज हळूहळू खातात. लिग्निन त्यांना सहजी पचत नाही, ते राहतं. खाल्लेल्या जागेत पाणी शिरतं, म्हणून बाहेरून आकार तसाच दिसतो. आपल्या सोलापुरी चादरीचा बाणा, म्हणजे आडवे धागे विरघळून गेले आणि नुसता ताणा उरला असं समजा. पाण्यात पसरलेली असेपर्यंत ती चादरच दिसेल. उचलून वाळत घातली की उभे धागे एकमेकांना चिकटून गोळा होणार. लाकडातही तेच होतं. पाणी बाष्प होऊन निघताना पेशीच्या पोकळ भिंती आत खेचतं, त्या कोसळतात, लाकूड आक्रसतं, पीळ खातं, उभं-आडवं फाटतं. आणि एकदा कोसळलेली पेशी पुन्हा भिजवून उभी राहत नाही. साधी चांगली होडी फार दिवस कोरडी राहिली की फटी पडतात आणि पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून त्या बुजतात, हे कुठलाही होडीवाला सांगेल. तो नियम इथे चालत नाही.

उपाय एकच, पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं. त्यासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ वापरतात. तो लाकडात अगदी सावकाश मुरवावा लागतो. 'वासा'वर त्याचा फवारा १७ वर्षं चालू होता. गालीलची होडीही टाकीत वर्षानुवर्षं बुडवून ठेवली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा सरोवरातून २०२१ साली १,२०० वर्षांपूर्वीची आणि २०२२ साली ३,००० वर्षांपूर्वीची अशा एकाच खोडाच्या दोन होड्या निघाल्या. त्यांनाही टाकीतच ठेवावं लागलं, आणि मुरवून झालं की गोठवून सुकवणं हा पुढचा टप्पा. एवढं करूनही काम संपत नाही. 'वासा'च्या लाकडात बंदराच्या पाण्यातलं गंधक मुरलेलं होतं आणि खिळ्यांचं लोखंडही. हवेत आल्यावर दोन्ही मिळून आम्ल तयार होऊ लागलं. म्हणून संग्रहालयातली हवा किती दमट ठेवायची यावर आजही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

इटलीतल्या नेमी तलावाची गोष्ट तर फार दुःखाची. रोमन सम्राट कॅलिग्युलाची, प्रत्येकी सत्तर मीटरच्या घरातली दोन भव्य जहाजं त्या छोट्याशा तलावाच्या तळाशी होती. १४४६ पासून लोक ती काढायचे प्रयत्न करत होते आणि प्रत्येक प्रयत्नात ती थोडी थोडी तुटत होती. शेवटी १९२८ ते १९३२ या काळात पंप लावून तलावच उपसला. जहाजं मोकळी झाली, त्यांच्यासाठी संग्रहालय बांधलं. आणि दुसऱ्या महायुद्धात, ३१ मे १९४४ च्या रात्री, संग्रहालयाला आग लागून दोन्ही जळून गेली. एकोणीस शतकं पाण्यात राहिली, वर आल्यावर पंधरा वर्षंही नाहीत.

म्हणून आजचे जाणकार आधी विचारतात की जहाज आहे तिथेच ठेवता येईल का. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही हाच क्रम आहे, जागच्या जागी जतन आधी. किमान शंभर वर्षं पूर्ण किंवा अर्धवट, कायम किंवा अधूनमधून पाण्याखाली असलेल्या अवशेषांना तो लागू होतो. ह्युरॉन सरोवरातल्या थंडर बे भागात २००० साली असं राखीव क्षेत्र झालं. तिथे लोक पाणबुड्याचा पोशाख घालून किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून जहाजं बघतात आणि काहीही न उचलता परत येतात.

जागच्या जागीही धोका नसतो असं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी मालवाहू जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर युरोपातून झेब्रा आणि क्वागा जातीचे छोटे शिंपले ग्रेट लेक्समध्ये आले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे पाणी नितळ झालं आणि जहाजं शोधणं सोपं झालं. पण तेच शिंपले जहाजांवर थरच्या थर चढतात. कोरीवकाम झाकून जातं, खिळे लवकर गंजतात, वजनानं फळ्या ओढल्या जातात. दोनशे वर्षं जसंच्या तसं राहिलेलं जहाज या तीस-चाळीस वर्षांत खचायला लागलंय.

आता आपल्या पाण्याकडे येतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्यामुळे जलाशयाचं वय जेमतेम पंचेचाळीस. त्याच्या पोटात जुनी गावं आहेत, पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही बरीच खाली गेली, तेव्हा ते मंदिर पूर्ण उघडं पडलं आणि बघायला झुंबड उडाली. दगडाचं एक बरं असतं, त्याला भिजणं-सुकणं सोसतं. लाकडाला नाही. दरवर्षी प्लसमध्ये भिजणारं आणि मायनसमध्ये तापणारं काठचं लाकूड काही वर्षांतच संपतं. पण जलाशयाच्या मधोमध भीमेचं जुनं पात्र आहे, ते कधीच कोरडं पडत नाही, आणि त्यावर दरवर्षी बारीक गाळ बसतो. लाकूड टिकायला आपल्याकडे अनुकूल जागा असेल तर तीच.

त्याखालची नदी तर फार जुनी. धरणाच्या खाली, मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती, आणि १६९७ च्या पुरानं त्या छावणीची मोठी वाताहत केली. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात कोळी समाजाच्या होड्या पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांना ने-आण करत आल्या आहेत. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. नदी वाहती असते, पुरात ती वस्तू फोडते आणि वाहून नेते. तलाव स्थिर असतो, तो झाकतो. म्हणून वाहत्या पात्रात आख्खी होडी मिळणं अवघड, पण एखाद्या डोहात, जुन्या वळणाच्या गाळात तिचा तळ राहू शकतो. हाच गाळ आणि वाळू आज यंत्र लावून उपसली जाते. वाळू उपशाचं नुकसान आपण पाणीपातळी आणि काठ ढासळण्यापुरतं बोलतो. पण नदीच्या पोटात जे काही जपलं गेलं असेल त्याचं पांघरूणही त्या उपशाबरोबर निघून जातं, आणि ते परत घालता येत नाही.

तेव्हा पुढच्या कुठल्या उन्हाळ्यात चिलापी मासे पकडायला गेलेल्या कुणाला चिखलात खिळ्यांच्या ओळीची फळी दिसली, तर ती उपटू नये. फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी किंवा निदान मोबाइल ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोनवर जागेची खूण घ्यावी. मग त्याच चिखलानं लाकूड पुन्हा झाकावं, वर ओलं गोणपाट टाकावं, आणि तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवावं. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानं जमिनीत दडलेली मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावशेष ठरते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात पाण्याखालच्या कामासाठी २००१ पासून वेगळी शाखा आहे, पुण्यात डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग आहे. विचारायला माणसं आहेत.

आणि एक काम तर दुष्काळाची वाट न बघता करता येतं. लाकडी होड्यांची जागा आता फायबरच्या आणि पत्र्याच्या होड्या घेत चालल्या आहेत. पंढरपूरच्या घाटावर, भीमाकाठच्या गावांत जिथे अजून लाकडी होडी पाण्यावर असेल, तिथे मालकाला विचारून तिची लांबी-रुंदी मोजून ठेवावी. कुठल्या झाडाचं लाकूड आहे, फळ्यांच्या फटी कशानं बुजवतात, खिळे किती अंतरावर ठोकलेत, कुठली फळी कधी बदलली, ती कुणी बदलली, आणि आधीची होडी कुठे गेली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. गालीलच्या होडीबद्दल हे सगळं कळायला एक दुष्काळ, दिवस-रात्र राबणारी माणसं आणि वर्षानुवर्षांची टाकी लागली. इथे अजून वहीपेन पुरतं.